ब्लंडर म्हंजी काय?

आमच्या सासूबाईंना इंग्रजी शिकायचं होतं ते एकाच कारणासाठी. घरातली माणसं आपल्याविषयी इंग्रजीत काय बोलतात, ते त्यांना कळायला हवं होतं.

हे त्यांनी माझ्या तोंडावरच सांगितलं. मुक्ताबाईंचा स्वभावच तसा. मनात काही ठेवायचं नाही, आणि दुसऱ्याच्या मनातलंही उपसून काढायचं. मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा; आमच्याकडे सुना असंच म्हणतात. माझं माहेर शिरूर शहरातलं. लग्न होऊन दौंड तालुक्यात, राहूला आले, आणि इथल्या एका इंग्रजी शाळेत शिकवायला लागले. नवरा सत्यजीत शिक्रापूरला कंपनीत. शिफ्टच्या भानगडीमुळे तिथंच खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो. त्यामुळे आमचा बराचसा संसार फोनवर चालतो, आणि त्यातला जो भाग आत्यांच्या कानावर पडू नये असं वाटतं, तो इंग्रजीत चालतो.

त्या दिवशी मी सत्यजीतला सांगत होते की आत्यांनी माझा सिल्कचा ड्रेस कढत पाण्यात भिजवला आणि आता तो चार वर्षांच्या मुलीला येईल एवढा उरलाय. बोलता बोलता म्हणाले, "टोटल ब्लंडर!"

"ब्लंडर म्हंजी काय गं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी फोन ठेवला.

"काही नाही आत्या. चूक."

"चुकीला मिस्टेक म्हनत्यात. तेवढं ठावं हाय मला. मग ह्यो ब्लंडर कोन?"

शिकवायची खोड वाईट असते. मी दारात उभी राहून वर्गात सांगावं तसं सांगायला लागले. भाजीत मीठ दोनदा पडलं तर ती मिस्टेक. लाइटबिलावर भलताच आकडा आला तर तो एरर, कारण ती मशिनची गडबड. आणि ब्लंडर म्हणजे मोठी चूक, वेडगळपणाची. माणसानं डोळे उघडे ठेवले असते तर झालीच नसती, अशी.

आत्यांनी हातातली भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजी तुजा डिरेस म्या डोळं झाकून भिजवला?"

मी ताटं मांडायला घेतली.

पण शब्द त्यांना आवडला. इतका आवडला, की पुढचे काही दिवस घरात दुसरा शब्द ऐकू येईना. मांजरानं सायीत तोंड घातलं, ब्लंडर. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेनं कपाटाची किल्ली नणंदेला दिली, तो तर फारच मोठा ब्लंडर. त्यावर त्या जाहिराती संपेपर्यंत बोलत होत्या. मामा विकास सोसायटीच्या मीटिंगला चष्मा विसरून गेले, तेव्हा मामांच्या पाठीमागे त्यांनी माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले. मी हसले. आमच्या दोघींत हसण्यासारखं काही नव्हतं तोवर, ते या एका शब्दानं आलं. सत्यजीतला फोनवर मी आत्यांचं कौतुक सांगितलं, तेही मराठीत.

चुकीच्या जागी वापरला तर मी दुरुस्त करायची. सुईत दोरा जाईना म्हणून त्या वैतागून "ब्लंडर" म्हणाल्या, तेव्हा मी म्हणाले, "आत्या, हा नाही. यात चूक कुणाचीच नाही."

"मंग ब्लंडरला मानूस लागतं?"

"लागतं. केल्याशिवाय होत नाही तो."

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हंजी जिथं मानसाला धरता येतं, तिथं ब्लंडर."

इतकी नेमकी व्याख्या मला वर्गात कुणी दिली नव्हती. मला त्यांचा अभिमान वाटला. तो अभिमान मला पुढं चांगलाच महागात पडला.

आमचा ऊस. आमच्या बांधाला लागून जालिंदरभाऊंचं रान. त्यांच्याकडे फुलं, भाजी, कधी कांदा. जालिंदरभाऊ चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, मान खाली घालून काम करणारा माणूस. बायको धुरपदा मात्र बोलकी. मामांना दोघं आप्पा म्हणतात, आत्यांना काकू. दोन घरांत जाणं-येणं जुनं. त्यांचं पाणी कमी पडलं तर आमच्या विहिरीवरून पाइप जायचा, आमच्याकडे पाहुणे आले तर त्यांच्याकडून भाजी यायची. यंदा त्यांनी झेंडू लावला होता. दसऱ्याला थोडा निघाला, पण खरा डोळा दिवाळीवर. कळ्या इतक्या गच्च धरल्या होत्या की धुरपदा मला शाळेच्या वाटेवर थांबवून दाखवायची. म्हणायची, "बाई, मोजून दावा बरं एका झाडावर किती हायती." मी मोजायला लागले की मध्येच हसायची.

आता पंपांचं सांगते. आमच्या शेडमध्ये फवारणीचे दोन पंप आहेत. पाठीवर घ्यायचे, बॅटरीवाले, दोन्ही निळे, एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेले. एक तणनाशकासाठी, उसातलं गवत जाळायला. दुसरा बाकी औषधांसाठी. हे दोन पंप एकमेकांच्या जागी कधी वापरायचे नाहीत. उसाला मारायचं तणनाशक उसाला काही करत नाही, पण फुलाला, भाजीला, वेलाला त्याचा नुसता वास लागला तरी पीक वाकडं होतं. पंप कितीही धुवा, पाइपच्या पोटात काहीतरी राहतंच. म्हणून तणनाशकाच्या पंपाच्या पट्ट्याला तांबडी चिंधी बांधलेली. आत्यांच्या जुन्या लुगड्याची. आमच्या शिवारात ही खूण कुणालाही विचारा. लाल दिसलं की हात मागं घ्यायचा.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं बाहेर निघतात. विळे, खुरपी, कुदळ, पहार, ट्रॅक्टर, आणि हल्ली पंपसुद्धा. धुऊन, पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून पूजा करायची. धुण्याचं काम आत्या कुणाला देत नाहीत. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "तुजं धुनं म्हंजी वरवर पानी वतनं. सर बाजूला." नळाखाली बसून त्यांनी दोन्ही पंप घासले, आत पाणी घालून खळखळवले आणि निथळायला उपडे टाकले. चिंधी मातीनं काळी पडली होती. देवापुढं घाण नको म्हणून सोडली, साबण लावून धुतली, तारेवर वाळत टाकली. दुपारी पूजा झाली. मी फोटो काढले. संध्याकाळी सगळं जागच्या जागी गेलं. चिंधीसुद्धा वाळून, लालभडक होऊन पुन्हा पंपाला बांधली गेली.

दसऱ्यानंतर जालिंदरभाऊंच्या पंपाची बॅटरी गेली. कळ्यांवर अळी दिसायला लागली होती. ते आमच्या दारात आले, "आप्पा, औषधाचा पंप नेऊ का" म्हणाले. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. "न्या की. चिंधीचा तेवढा नेऊ नका," म्हणाले आणि पान उलटलं. भाऊ शेडमध्ये गेले, पंप घेऊन आले, मला नमस्कार करून गेले. दुसऱ्या दिवशी पंप स्वच्छ करून परत आणून ठेवला. धुरपदानं सोबत पिशवीभर वांगी पाठवली.

त्यानंतर मी तीन-चार दिवस त्या वाटेनं गेले नाही; शाळेत परीक्षा होत्या, लवकर पोचायचं म्हणून डांबरी रस्त्यानं जायची. गेले तेव्हा धुरपदा वाटेवर थांबलेली नव्हती. झेंडूच्या वावरात दोघं वाकून काहीतरी बघत होते. मी लांबून हात केला. कुणी वर बघितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी जालिंदरभाऊ आमच्या अंगणात आले. हातात उपटलेली झाडं होती. मी शेतकऱ्याची मुलगी नाही, पण झाडं धड नव्हती हे मलाही दिसलं. शेंडे पिळून धरल्यासारखे वाकले होते. पानं द्रोणासारखी आत वळलेली. कळ्या होत्या तशाच, पण मिटलेल्या, आणि त्यांच्या माना मुरगळलेल्या.

"शाक बसलाय," भाऊ म्हणाले. शाक म्हणजे शॉक, पण त्यांचा आवाज इतका साधा होता की मला आधी कळलंच नाही. "समद्या वावराला. तननाशकाचा."

मामा ओट्यावरून उतरले. झाड हातात घेतलं, वास घेतला, खाली टाकलं. "चिंधीचा पंप नेला व्हता?"

"न्हाई आप्पा. बिनचिंधीचा नेला. बघून नेला."

"मंग हे कशानं झालं?"

"तेच इचारायला आलोय."

मामा शेडकडं चालू लागले. आम्ही सगळे मागोमाग. दोन पंप भिंतीला टेकलेले. एकाच्या पट्ट्याला तांबडी चिंधी, दुसऱ्याला काही नाही. मामांनी बोट दाखवलं. "ही चिंधी आंधळ्यालाबी दिसंल जालिंदर."

"दिसली मला. म्हून तर ह्यो सोडला आन् त्यो नेला."

"त्यो नेला असता तर फुलं अशी झाली असती?"

मामांचं म्हणणं बिनतोड होतं. पंप दोन. एकानं झाड जळतं, एकानं जळत नाही. झाडं तर जळालेली. मग हा माणूस खोटं बोलतोय, नाहीतर याच्या डोळ्यांना काहीतरी झालंय. मलाही तसंच वाटलं, आणि उगीच कशाला लपवतोय, असंही वाटलं.

तेवढ्यात आत्या पुढं झाल्या. कमरेवर हात ठेवला. डेअरीकडे निघालेले दोघंतिघं आवाज ऐकून फाटकाशी थांबले होते, तेही आत आले.

"ह्याला ब्लंडर म्हनत्यात जालिंदर," आत्या म्हणाल्या. "मिस्टेक न्हाई. ब्लंडर. डोळं उघडं ठिवलं असतं तर झालाच नसता."

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, कारण शब्द इंग्रजी होता आणि इंग्रजीची बाई मी. मी काय करावं? मी अर्थ सांगितला. "मोठी चूक," म्हणाले.

आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार हा आला की आत्यांनी शब्द अगदी बरोबर वापरला.

भाऊ मान खाली घालून गेले. झाडं अंगणातच राहिली.

शब्दाला पाय फुटतात, ते मी आमच्या गावात बघितलं. दुसऱ्या दिवशी डेअरीवर कुणीतरी "काय ब्लंडर, दूध आनलं का" म्हणालं. तिसऱ्या दिवशी पारावरची पोरं त्यांना लांबून बघून हाक मारायला लागली. माझ्या वर्गातल्या एकानं खोडरबर हरवलं तर शेजारचा म्हणाला, "जालिंदर झाला तुझा." सगळा वर्ग हसला. मी त्याला उभं केलं आणि ओरडले. हे सगळं ज्यातून निघालं तो ब्लंडर शब्द गावात आणला कुणी, हे त्या पोराला माहीत नव्हतं. मला होतं.

जालिंदरभाऊ डेअरीवर यायचे बंद झाले. दूध धुरपदा घालायला लागली.

मग एक दिवस ती आली. फाटकाच्या आत आली नाही, बाहेरच उभी राहिली. आत्या धान्य पाखडत होत्या.

"काकू, फुलं गेली ती गेली," धुरपदा म्हणाली. "म्या फुलासाठी न्हाई आले. माजा मालक खोटं बोलत न्हाई. इतकंच सांगायला आले."

"खोटं कोन म्हनलं? चुकला म्हनलं."

"चुकलाबी न्हाई. बघून नेला म्हनतोय."

"मंग तुजी फुलं काय माज्या पंपातल्या पान्यानं जळाली?" आत्यांचा आवाज चढला.

"तेच म्हनतेय मी."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांचा राग मी ओळखते. तो आला की त्या बोलत नाहीत, करतात. तरातरा शेडमध्ये गेल्या, बिनचिंधीचा पंप उचलून आणला, नळाखाली धरून निम्मा भरला. नुसतं पाणी. धुरपदाच्या देखत झाकण घट्ट लावलं.

"आता ह्ये पानी उद्या सकाळपतुर ह्यात राहील. सकाळी माज्या तुळशीवर मारीन. आयकलं? वावरातल्या कसल्या झाडावर न्हाई, माज्या दारातल्या तुळशीवर. पान वाकडं झालं, तर मी सवता तुज्या दारात येऊन सांगीन. आन् न्हाई झालं, तर परत ह्या फाटकाशी येऊन हुभी राहू नको."

धुरपदा म्हणाली, "बरं." आणि गेली.

मला वाटलं, तुळशीपर्यंत जायची काय गरज होती? कारल्याचा वेल होता, भोपळा होता. पण आत्यांची खात्रीच तेवढी. सकाळी आंघोळ करून त्यांनी पंप पाठीवर घेतला आणि तुळशीवर पाणी मारलं. प्रसाद वाटावा तसं, सावकाश, सगळीकडून. मग पंप शेडमध्ये ठेवून हात धुतले आणि मला म्हणाल्या, "आता बघ."

त्या दिवशी काही झालं नाही. संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

दुसऱ्या सकाळी मी शाळेचा डबा भरत होते. आत्या तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला गेल्या. रोज त्यांचं पुटपुटणं ऐकू येतं, मग पाण्याचा आवाज. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. मी खिडकीतून बघितलं. आत्या वृंदावनापुढं उभ्या होत्या, तांब्या हातात तसाच, भरलेला. मी बाहेर गेले.

तुळशीचे शेंडे खाली वाकले होते. सगळे. कोवळी पानं आत मुडपून द्रोण झाली होती. त्या दिवशी भाऊंच्या हातात जी झाडं होती, अगदी तशी.

मी वृंदावनाचा कठडा धरला.

"आत्या…"

त्यांनी मला हातानं थांबवलं. तुळशीवरची नजर काढली नाही. मग बोलल्या, तेही माझ्याशी नाही.

"तारंवर वाळत घातली व्हती," त्या म्हणाल्या. "सांजच्याला काढली. दोन्ही पंप उपडं व्हतं. ह्यांनी हाक मारली, दिवा लावायचा राहिला म्हून. म्या पुढचा उचलला आन् बांधली."

"कोणत्याला?"

"पुढच्याला. म्हनलं ना. पुढच्याला." त्या माझ्याकडे वळल्या. आत्यांच्या चेहऱ्यावर मी राग बघितलाय, कंटाळा बघितलाय, गेल्या वर्षी त्यांचा भाऊ वारला तेव्हा रडणंही बघितलंय. भीती कधी बघितली नव्हती. "अनुपमा, दोन्ही सारखंच की गं दिसत्यात."

म्हणजे चिंधी औषधाच्या पंपाला बांधली गेली होती, आणि जालिंदरभाऊंनी बघूनच नेला होता. डोळे उघडे ठेवून, चिंधी टाळून, सांगितलं होतं तसाच. त्यांनी काही म्हणजे काहीच चुकीचं केलं नव्हतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, भर अंगणात, दोन भाषांतून त्यांना आंधळं ठरवलं होतं.

मामांना सांगितलं तेव्हा ते आधी तुळशीजवळ गेले, मग शेडमध्ये गेले, मग परत येऊन ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण सोसायटीची निवडणूक तोंडावर आणि मामा उभे.

"तुळस काढा," ते म्हणाले. "दुसरं रोप आनतो. कुनाला काय बोलायचं न्हाई."

"धुरपदाला म्या शबूद दिलाय," आत्या म्हणाल्या.

"ती काय तुळस बघायला येनार हाय? आन् आता बोलून फुलं उमलनार हायती का? उगं गावाच्या तोंडाला चारा."

मामांनी आणलेलं रोप कोपऱ्यात पिशवीतच राहिलं, आणि वाकडी तुळस वृंदावनात. मला शाळेत लक्ष लागेना. घरी आल्यावर सत्यजीतला फोन लावला, स्पीकरवर, आत्यांसमोर.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग म्हणाला, "मम्मी, जाऊन सॉरी म्हणून टाक ना. विषय संपव."

फोन ठेवल्यावर आत्या माझ्याजवळ सरकून बसल्या. "सॉरी म्हनून भागंल?"

"म्हणा की."

"आन् ब्लंडर? जालिंदरला म्हनले तर सवताला नको म्हनायला? वाक्य कसं करायचं त्याचं?"

मी सांगितलं. आय मेड अ ब्लंडर. त्यांनी म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं. मेड म्हणजे केला, हेही विचारून घेतलं. तोंडात बसेपर्यंत म्हणत राहिल्या, आणि मी दुरुस्त करत राहिले. आम्हा दोघींनाही त्यात बरं वाटत होतं, हे आज विचित्र वाटतं. वाक्य चांगलं येतंय म्हटल्यावर काम निम्मं झाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही बांधावरून निघालो. मामा ओट्यावर होते. त्यांनी बघितलं, पण अडवलं नाही. आत्या पुढं, मी मागं. त्यांच्या ओठांची हालचाल मला पाठीमागूनही कळत होती. आय मेड अ ब्लंडर, आय मेड अ ब्लंडर. झेंडूचं वावर लागलं तेव्हा मात्र ओठ थांबले. भाऊंनी झाडं अजून काढली नव्हती. वाकलेल्या माना तशाच होत्या, फक्त आता वाळून तपकिरी झालेल्या.

धुरपदा दारात गवारीच्या शेंगा मोडत होती. आम्हाला बघून उठली नाही. पदर मात्र डोक्यावर घेतला.

आत्या उभ्या राहिल्या. एक श्वास घेतला आणि एका दमात म्हणाल्या, "धुरपदा, सॉरी. आय मेड अ ब्लंडर."

उच्चार स्वच्छ होता. एकही चूक नाही.

धुरपदानं त्यांच्याकडे बघितलं. "म्हंजी काय?"

मी सवयीनं तोंड उघडलं. आत्यांनी मागं न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले. इतक्या वर्षांत मी त्यांना मराठीत ते वाक्य म्हणताना ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं मामांनीही ऐकलं नसेल. मुक्ताबाईंना काय काय बोलता येत नव्हतं! सरपंचाला झापलेलं मी बघितलंय. पण आता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"तुळस वाकडी झाली धुरपदा," शेवटी त्या म्हणाल्या. "चिंधी म्या बांधली. दुसऱ्याच पंपाला बांधली. चूक माजी हाय. म्या केली. तुज्या मालकानं न्हाई."

धुरपदाच्या हातातली शेंग खाली पडली. मला वाटलं आता ही ओरडेल, शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्या होत्या.

"ह्ये मला नगा सांगू," ती हळूच म्हणाली. "आत बसल्यात. त्यास्नी सांगा."

मग आवाज आणखी खाली आणून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, ते दौंडला जाऊन आले. डोळं तपासायला. डाक्टर म्हनला, डोळं झ्याक हायती, रंगबी समदं बराबर वळखतोस. तर ह्येंनी हट्ट धरला. म्हनलं, न्हाई, मला तांबडं दिसत न्हाई, समदं गाव म्हनतंय. दुकानात जाऊन बिननंबरचा चष्मा घिऊन आल्यात. दिसभर घालून बसत्यात."

आमच्या अंगणात ब्लंडरचा मोठी चूक असा अर्थ मीच सांगितला होता, शांतपणे, शुद्ध मराठीत. आत्या तोवर आत गेल्या होत्या.

जालिंदरभाऊ खाटेवर बसले होते. नाकावर काळ्या काड्यांचा नवा चष्मा. आत्यांना बघून ते उठायला लागले, नेहमीसारखे. आत्यांनी त्यांना बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसल्या. सगळं सांगितलं, तार, उपडे पंप, चिंधी, तुळस. इंग्रजी एक शब्दही नाही. उद्या डेअरीवर जाऊन चार लोकांत सांगते म्हणाल्या, आप्पा काय म्हणायचं ते म्हणू देत.

भाऊंनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि दारात उभ्या असलेल्या धुरपदाकडं धरला. "ठिव," म्हणाले. "म्हातारपनी लागंल."

धुरपदानं तो पदरात गुंडाळला.

"काकू," ते म्हणाले, "मी नेला त्या पंपाला चिंधी नव्हती ना?"

"नव्हती."

ते आत्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आनिक एकदा सांगा."

"नव्हती, जालिंदर," आत्या म्हणाल्या. "तू बराबर बघितलं व्हतंस."

भाऊंनी दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले आणि तसेच बसून राहिले.